अमेरिकन सार्वजनिक जीवन : शब्दनिष्ठा आणि लुप्त कर्ता

सार्वजनिक सचोटीचा ऱ्हास केवळ भ्रष्टाचाराच्या प्रकरणांवरून मोजता येत नाही. लाचलुचपत प्रत्येक युगात आढळते. अमेरिकेच्या इतिहासात त्याहून अधिक सूचक ठरते ते कबुलीजबाबाचे वाक्य.

सरकारी पैशावर सट्टा केल्याचा आरोप १७९७ मध्ये माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्यावर आला, तेव्हा त्यांनी पुस्तिका छापून एका विवाहित स्त्रीशी असलेला आपला अनैतिक संबंध प्रथमपुरुषी कबूल केला. तिच्या पतीस दिलेले पैसे स्वतःचे होते, सरकारी नव्हते, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. खासगी अब्रू गेली तरी पदास डाग लागू नये, ही त्यामागील भूमिका होय. तथापि त्या काळास सत्ययुग मानण्याचे कारण नाही. अब्रूच्या कल्पनेपायीच १८०४ मध्ये द्वंद्वयुद्धात हॅमिल्टन यांचा बळी गेला.

युद्धमंत्री बेलनॅप यांना लाचखोरीच्या आरोपावरून १८७६ च्या मार्चमध्ये राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील संदेशात राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी चुका घडल्याचे म्हटले. कर्ता येथे मागे सरला आहे, आणि दोषाचा बराचसा भार साहाय्यकांच्या निवडीवर टाकला आहे. पण ‘मी मान्य करतो’ हे शब्द अद्याप शिल्लक आहेत. (मराठीत तर ‘चुका झाल्या’ या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कर्ता चुकाच ठरतात!)

वॉटरगेट प्रकरणात तेवढेही उरले नाही. १७ एप्रिल १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे वृत्तसचिव झीग्लर यांनी आधीची निवेदने ‘आता लागू नाहीत’ असे जाहीर केले. निवेदन खरे की खोटे हा प्रश्नच त्यामुळे बाजूस पडला. एखाद्या परिपत्रकाप्रमाणे ते केवळ रद्द झाले. याच्या नेमके उलट वर्तन त्याच वर्षी महान्यायवादी रिचर्डसन यांचे दिसते. विशेष अभियोक्ता कॉक्स यांच्या स्वातंत्र्याविषयी त्यांनी सेनेटला शब्द दिला होता. कॉक्स यांना बडतर्फ करण्याचा आदेश येताच, २० ऑक्टोबर रोजी, त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे दुय्यम रकल्सहाउस यांनीही तो आदेश पाळण्यास नकार दिला. तो अखेर पाळला तिसऱ्या क्रमांकाचे अधिकारी बोर्क यांनी.

इराणला गुप्तपणे शस्त्रे विकल्याच्या प्रकरणी २७ जानेवारी १९८७ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी काँग्रेसपुढे गंभीर चुका झाल्याचे सांगितले. कोणी केल्या, हे वाक्यात नव्हते. ४ मार्चच्या भाषणात त्यांनी जबाबदारी स्वतःकडे घेतली. परंतु ओलिसांच्या बदल्यात शस्त्रे दिली नाहीत असेच आपले अंतःकरण सांगते, पुरावा मात्र तसे सांगत नाही, अशी जोडही तिला दिली.