एक आखात, तीन देश आणि पंधरा वर्षांचे अंतर

१/ हेलसिंकी आणि टालिन या दोन राजधान्यांच्या मध्ये फिनलंडचे आखात पसरले आहे. रुंदी जेमतेम ८० किलोमीटर, बोटीने दोन-अडीच तासांचा प्रवास. टालिनहून पूर्वेकडे सुमारे २०० किलोमीटर गेले की नार्वा हे शहर लागते आणि नदीच्या पलीकडल्या काठावर रशिया सुरू होतो. तिन्हीकडे थंडी सारखीच, हिवाळ्यातला लांबलचक अंधारही सारखाच.

२/ तरीही १९९४ साली पुरुषाचे सरासरी आयुर्मान फिनलंडमध्ये सुमारे ७३ वर्षे, एस्टोनियात सुमारे ६१ आणि रशियात साडेसत्तावन्नच्या आसपास होते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पंधरा वर्षांचे अंतर! युद्ध नव्हते, दुष्काळ नव्हता, कोणती मोठी साथही नव्हती. हे अंतर कसे पडले, त्याचा हा थ्रेड.

३/ प्रारंभी ते नव्हतेच. फिनलंड आणि एस्टोनिया दोघेही झारच्या साम्राज्यातून फुटून निघाले, एक १९१७ साली तर दुसरा १९१८ साली. भाषा सख्ख्या बहिणींसारख्या. दोन्ही देश मुख्यतः शेतकऱ्यांचे, दोन्हीकडे क्षयाचे थैमान आणि बालमृत्यूंचे दुःख. १९३० च्या दशकातील सरासरी आयुर्मान पाहिले तर दोघांत निवड करणे कठीण जाते.

४/ त्याच दशकात फिनलंडने एक गोष्ट केली. दर हजार अर्भकांपैकी ६० हून अधिक वर्षाच्या आतच दगावत असताना, १९३८ पासून गरीब मातांना सरकारतर्फे कपडे, दुपटी आणि बाळाच्या इतर वस्तूंची पेटी मिळू लागली. सरकारी बाळंतविडाच म्हणा. १९४९ मध्ये तो सर्वच मातांसाठी खुला झाला. अट एकच होती: गर्भारपणाचे चार महिने पुरे होण्याआधी तपासणी करून घ्यायची. पेटीच्या ओढीने स्त्रिया दवाखान्यात येऊ लागल्या. खरे औषध पेटीत नव्हते, त्या अटीत होते.

५/ मग महायुद्ध आले. सोव्हिएत संघाने १९४० मध्ये एस्टोनिया गिळंकृत केला. जून १९४१ आणि मार्च १९४९ मध्ये हजारो कुटुंबे सैबेरियाकडे हद्दपार झाली. फिनलंडने कारेलियाचा मोठा भाग गमावला आणि तेथून निघालेल्या चार लाखांहून अधिक माणसांना वसवण्याचा भार उचलला. पण स्वातंत्र्य राखले. येथून आखाताचे दोन काठ दोन व्यवस्थांचे झाले.

६/ सोव्हिएत आरोग्यव्यवस्थेला नावे ठेवणे आज सोपे आहे. पण १९१८ साली आरोग्यखात्याची सूत्रे हाती घेतलेल्या निकोलाय सेमाश्को यांच्यासमोर टायफसने माणसे लाखोंनी मरत होती. त्यांनी घालून दिलेली मोफत, गावोगाव पोहोचणारी व्यवस्था लसीकरण, विलगीकरण आणि स्वच्छता यांत वाकबगार ठरली. देवी, टायफस, मलेरिया मागे हटले. साथीच्या रोगांविरुद्ध शिस्त आणि हुकूम पुष्कळ काम करतात.

७/ परिणाम असा की १९६० च्या दशकाच्या मध्यास तिन्ही ठिकाणी पुरुषांचे आयुर्मान ६४ ते ६६ वर्षांच्या पट्ट्यात होते. फिनलंडची आघाडी नगण्य होती. उलट हृदयविकाराने मरणाऱ्या फिनिश पुरुषांचे प्रमाण जगात सर्वाधिकांपैकी एक होते. त्या वर्षी एखाद्याने भविष्य वर्तवायचे ठरवले असते, तर त्याने फिनलंडच्या बाजूने पैज लावली असती असे नाही.

८/ वळण आले ते रोगांचे रूप बदलल्यावर. साथी सरल्या, आता हृदय, रक्तदाब, तंबाखू, दारू. यांवर लस नाही. माणूस काय खातो, किती पितो, कामावरून घरी कोणत्या मनाने परततो, यांवर हे मृत्यू ठरतात. तेथे हुकूम कुचकामी होतो.

९/ उत्तर कारेलिया हा फिनलंडचा गरीब, जंगली, सीमेलगतचा प्रांत. चाळिशीतले लाकूडतोडे आणि शेतकरी पटापट कोसळत होते. १९७१ मध्ये तेथील लोकप्रतिनिधींनी सरकारकडे लेखी मागणी केली: काहीतरी करा. १९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला. प्रमुख होते पेक्का पुस्का, वय अवघे २७.

१०/ पुस्कांनी रुग्णालये बांधली नाहीत. ‘मार्था’ या गृहिणींच्या जुन्या संघटनेला हाताशी धरले, गावोगाव कमी लोण्याच्या, अधिक भाज्यांच्या पाककृती शिकवल्या. दूधदुभत्यावर जगणारा हा प्रांत. लोणी सोडा म्हणणे म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय देणे. म्हणून काही शेतकऱ्यांना बोरवर्गीय फळांच्या लागवडीकडे वळण्यास मदत झाली. पुढील साडेतीन-चार दशकांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

११/ या कथेत पुस्कांचे कर्तृत्व मोठे आहेच. पण मागणी करू शकणारी प्रजा, ती ऐकण्यास बांधील सरकार आणि सरकारच्या मालकीची नसलेली गृहिणींची संघटना, या तीन गोष्टी आधीपासून तेथे होत्या. सीमेपलीकडील रशियन कारेलियात तोच रोग होता. या तिन्ही गोष्टी नव्हत्या.

१२/ सोव्हिएत संघात याच काळात काय घडले? पुरुषांचे आयुर्मान वाढायचे थांबले आणि मग घसरू लागले. १९७० च्या दशकात बालमृत्युदर चढल्याचे दिसताच सरकारने उपाय शोधला: आकडे छापणेच बंद केले. १९७४ नंतर ते प्रसिद्ध झाले नाहीत. फ्रान्सचा तरुण अभ्यासक इमॅन्युएल टॉड याने १९७६ मध्ये याच बालमृत्यूंच्या खुणांवरून सोव्हिएत व्यवस्था कोसळेल असे भाकीत केले. तेव्हा तो पंचविशीत होता.

१३/ व्होडका हे राज्याचे दुखणे होते आणि उत्पन्नही. तिच्यावरील कराने तिजोरी भरत असे. मे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम उघडली. दुकाने बंद, किमती वर, मोल्डाव्हियात द्राक्षबागांवर कुऱ्हाड. ‘गेनेराल्नी सेक्रेतार’, म्हणजे सरचिटणीस, यांना लोक ‘मिनेराल्नी सेक्रेतार’, म्हणजे मिनरल वॉटरवाले चिटणीस, म्हणू लागले.

१४/ थट्टा झाली, हातभट्ट्या पेटल्या, साखर बाजारातून गायब झाली. तरी आकडे बोलके आहेत: रशियन पुरुषांचे आयुर्मान १९८४ मधील सुमारे ६२ वर्षांवरून १९८७ मध्ये ६५ च्या जवळ गेले. तीन वर्षांत तीन वर्षे! पण तिजोरी रिती होत होती आणि लोक चिडले होते. १९८८ पर्यंत मोहीम गुंडाळली गेली.

१५/ मग साम्राज्यच कोसळले. २ जानेवारी १९९२ रोजी रशियाने बहुतेक वस्तूंच्या किमती मोकळ्या सोडल्या. वर्षभरात किमती सुमारे २६ पट झाल्या. आयुष्यभराची बचत पावभर सॉसेजच्या मोलाची उरली. त्याच वर्षी व्होडकावरील सरकारी मक्तेदारी संपली. अन्न महागले त्या मानाने दारू महागली नाही, म्हणजे खऱ्या अर्थाने स्वस्त झाली.

१६/ येथे एक तपशील नीट समजून घ्यावा लागतो. सोव्हिएत कारखाना म्हणजे केवळ पगाराची जागा नव्हे. पाळणाघर, दवाखाना, उपाहारगृह, सुट्टीतले विश्रामगृह, घर, सारे कारखान्याचे. कित्येक शहरे एकाच कारखान्याभोवती वसलेली. तो बंद पडला की नोकरी जाई, आणि तिच्यासोबत डॉक्टर, मुलाची शाळा, मित्रमंडळ आणि स्वतःचे नावही जाई. चालू कारखान्यांतही महिनोन् महिने पगार होत नसे.

१७/ मेले कोण? दारिद्र्यात आधी बालके आणि वृद्ध मरतात असा सर्वसाधारण समज. रशियात सर्वाधिक वाढ झाली ती तिशी ते पन्नाशीतल्या पुरुषांच्या मृत्यूंत, त्यातही कमी शिकलेल्या कामगारांच्या. कारणे: हृदयविकार, दारूची विषबाधा, अपघात, आत्महत्या, खून. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील जादा मृत्यूंची संख्या दहा लाखांहून अधिक धरली जाते.

१८/ त्याच घरांतल्या, तीच गरिबी सोसणाऱ्या स्त्रियांचे आयुर्मान १९९४ मध्ये ७१ होते. पुरुषांपेक्षा १३ वर्षांहून अधिक! तेव्हा केवळ उपासमार किंवा औषधटंचाई हे उत्तर पुरत नाही. स्त्रियांकडे रांगेत उभे राहण्याचे, मुले सांभाळण्याचे, परसात बटाटे लावण्याचे काम तरी उरले होते. पुरुषांकडे बाटली उरली.

१९/ हे अलंकारिक विधान नाही. उरल पर्वताजवळील इझेव्स्क, कलाश्निकोव्ह बंदुकीचे शहर, येथे २००३ ते २००५ दरम्यान मृत्यू पावलेल्या २५ ते ५४ वयाच्या पुरुषांचा अभ्यास झाला. त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मृत्यूंचा संबंध घातक मद्यपानाशी आढळला. आणि मद्य तरी कोणते? ओडेकोलोन, औषधी अर्क, सफाईची द्रव्ये.

२०/ दोष कोणाचा, यावर विद्वानांत भांडण आहे. स्टकलर, किंग आणि मॅकी यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये घाईच्या सामूहिक खासगीकरणाकडे बोट दाखवले. अन्य अभ्यासकांनी आकडेमोडीवर आक्षेप घेतले. भट्टाचार्य, गाथमन आणि मिलर यांच्या मते गोर्बाचेव्हच्या मोहिमेने लांबवलेले मृत्यूच पुढे एकदम आले. दुसऱ्या मतात तथ्य आहे, पण मग लोक मुळात इतके का पीत होते हा प्रश्न शिल्लकच राहतो. पोलंडनेही १९९० मध्ये आर्थिक ‘शॉक थेरपी’ घेतली; तेथे १९९१ नंतर मृत्युदर उतरू लागला.

२१/ खरी परीक्षा मात्र फिनलंडची झाली. सोव्हिएत बाजारपेठ बुडाली आणि बँका कोसळल्या, तेव्हा फिनलंडही बुडाला. १९९१ ते १९९३ या तीन वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दहा टक्क्यांहून अधिक घटले. बेकारी ३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या पुढे गेली. रशियाइतका नव्हे, पण शांततेच्या काळातला भीषण आघात.

२२/ आणि मृत्युदर? तो घटतच राहिला. आत्महत्यांचे प्रमाण, जे १९९० मध्ये शिखरावर होते, ते मंदीतच उतरू लागले. आत्महत्या रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८६ पासूनच चालू होता. बेकारभत्ता मिळत होता, दवाखाना नोकरीवर अवलंबून नव्हता आणि व्होडका ‘अल्को’ या सरकारी दुकानांतच, चढ्या दराने मिळत होती. कारखाना बंद पडला तरी नागरिकत्व बंद पडले नाही.

२३/ एस्टोनियाची गोष्ट मधली, आणि अधिक बोचरी. १९९४ नंतर तो देश झपाट्याने सावरला, पण सगळे सारखे सावरले नाहीत. २००० साली पंचविशीतल्या उच्चशिक्षित पुरुषाला सर्वांत कमी शिकलेल्यापेक्षा सुमारे १३ वर्षे अधिक आयुष्य अपेक्षित होते. पूर्वी आखाताच्या दोन काठांत होती तेवढी दरी आता देशाच्या पोटातच पडली. नार्वा आणि कोह्त्ला-यार्वे या रशियनभाषक औद्योगिक शहरांत तर २०००-०१ मध्ये सुईने अमली पदार्थ घेणाऱ्या तरुणांत एचआयव्हीचा उद्रेक झाला.

२४/ २०१९ मधील पुरुषांचे आयुर्मान: फिनलंड सुमारे ७९, एस्टोनिया ७४, रशिया ६८. रशियाने २००६ पासून दारूवर निर्बंध आणले, त्याचे फळ दिसते. फिनलंडही निर्दोष नाही. २००४ मध्ये एस्टोनिया युरोपीय संघात आला. तेथून बोटी भरभरून स्वस्त दारू येईल या भीतीने हेलसिंकीने मद्यावरील कर सुमारे एक तृतीयांश कमी केला. २००५ मध्ये कामकरी वयाच्या फिनिश पुरुषांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण दारू ठरले.

२५/ फिनलंडने २००८ पासून कर पुन्हा वाढवले. एस्टोनियानेही वाढवले, तेव्हा एस्टोनियन गिऱ्हाईक दक्षिणेला लाटव्हियाच्या सीमेवरील दुकानांत जाऊ लागले. जुलै २०१९ मध्ये एस्टोनियाने आपला मद्यकर २५ टक्क्यांनी खाली आणला.