देवनागरी लिपी आणि ग्राफिक्स कार्ड

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा ताम्रपट, शिलालेख किंवा बखर यांची असते. आम्ही आज ज्या वस्तूकडे लक्ष वेधणार आहोत ती याहून फारच नवी व दिसावयास अगदी क्षुद्र आहे. गणकयंत्राच्या पेटीत एका खाचेत उभी बसविलेली, वर काळ्या चिपा डकवलेली ती एक हिरवी पाटी. तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. यंत्राने जे ठरविले ते पडद्यावर उमटविणे एवढेच तिचे काम. परंतु अशा जुन्या कार्डांचा तांत्रिक तपशील नीट वाचला, तर त्यात एका लिपीची कहाणी सापडते, आणि ती लिपी आपली आहे.

कोणत्या लिपीत कागद लिहावा हा प्रश्न परभणीकरांना नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व संस्थानची राजभाषा उर्दू होती. घरात मराठी, देवळात मराठी आणि कचेरीत उर्दू, अशी येथील सामान्य माणसाची स्थिती. बी. रघुनाथांसारखा मोठा मराठी लेखक याच काळात निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत होता, ही गोष्ट या गावाला सांगावयास नको. आपल्या शेताविषयीचा कागद आपल्याला वाचता येऊ नये, तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागावा, यातील परावलंबन त्या पिढीने भोगले. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६४ मध्ये मराठीला राजभाषेचा दर्जा देणारा कायदा झाला. प्रश्न संपला असे वाटले. तो संपला नव्हता, कारण थोड्याच वर्षांनी कचेरीत गणकयंत्र येऊ लागले, आणि त्याला देवनागरी येत नव्हती.

का येत नव्हती? येथे आपण त्या कार्डाच्या तपशिलाकडे वळू.

ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर विक्रीस आणला. त्यासोबत मिळणाऱ्या एकरंगी कार्डाची स्मृती, म्हणजे मेमरी, होती ४ किलोबाइट. पडद्यावर २५ ओळी व प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, म्हणजे एकूण २,००० अक्षरे मावत. एका अक्षरासाठी २ बाइट लागत: एकात अक्षराचा क्रमांक, दुसऱ्यात ते ठळक, अधोरेखित वगैरे कसे दाखवावयाचे याची खूण. २,००० ची दुप्पट ४,०००. हिशेब बरोबर जुळला. प्रत्येक अक्षराला ९ ठिपके रुंद व १४ ठिपके उंच एवढे घर नेमून दिलेले. ८० घरांचे ७२० ठिपके आडवे, २५ ओळींचे ३५० ठिपके उभे.

आता यातील मर्म पाहा. या कार्डाला ठिपका स्वतंत्रपणे उजळता येत नसे. त्याच्या एका चिपेत २५६ आकृत्या कारखान्यातच कोरून ठेवलेल्या असत. यंत्राने क्रमांक सांगावा आणि कार्डाने त्या क्रमांकाची आकृती घरात मांडावी. छापखान्यातील जुळाऱ्यापुढे २५६ खणांची पेटी असावी आणि तिच्यात नवा खिळा घालण्याची सोय नसावी, तसाच हा प्रकार. त्या पेटीत इंग्रजी होती, युरोपातील काही भाषांची स्वरचिन्हे होती, चौकटी आखण्याच्या रेघाही होत्या. आपला ‘अ’ नव्हता. कोणी द्वेषाने वगळला असे नव्हे. बनविणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपण नव्हतो इतकेच.

त्याच वर्षी आयबीएमने रंगीत कार्डही दिले होते व त्यात ठिपके सुटे उजळता येत. त्याची मेमरी १६ किलोबाइट आणि पडदा ६४० बाय २०० ठिपक्यांचा. पण तेथे ओळीची उंची अवघी ८ ठिपके. एक ठिपका शिरोरेषेला, वर वेलांटी व अनुस्वारासाठी निदान दोन, खाली उकारासाठी दोन. मग अक्षराच्या अंगाला उरतात तीन. तीन ठिपक्यांत ‘भ’ आणि ‘म’ वेगळे कसे दाखवावे?

वाट निघाली ती १९८२ मध्ये. हर्क्युलिस नावाच्या कंपनीचे संस्थापक व्हॅन सुवन्नुकुल हे मूळचे थायलंडचे. आपला प्रबंध थाई लिपीत लिहिता यावा म्हणून त्यांनी हे नवे कार्ड तयार केले, असे त्याच्या जन्माविषयी सांगतात. थाई लिपी ही ब्राह्मीच्याच वंशातील. तिलाही स्वरचिन्हे अक्षराच्या वर, खाली व काही वेळा आधी लागतात. म्हणजे अडचण आपल्या घरचीच होती. त्यांच्या कार्डाची मेमरी ६४ किलोबाइट आणि पडदा ७२० बाय ३४८ ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपका स्वतंत्र. ३५० चे ३४८ का झाले? कारण या कार्डात ओळी चार गटांत वाटून साठविल्या जात, आणि ३५० ला चाराने भाग जात नाही. एका पडद्याला ३१,३२० बाइट पुरत, म्हणून ६४ किलोबाइटमध्ये दोन पडदे मावत. शिवाय जुन्या एकरंगी कार्डाचे सर्व काम तेच कार्ड करी, त्यामुळे त्याच्या नकला जगभर झाल्या.

परंतु ठिपके मोकळे झाले म्हणून देवनागरी आपोआप उमटत नाही. आपल्याच जिल्ह्यातील नावे घेऊन पाहू. ‘परभणी’ सोपे आहे: प, र, भ, ण आणि दीर्घ वेलांटी, अशी पाच चिन्हे एकापुढे एक. ‘जिंतूर’ घ्या. आपण उच्चार करतो आधी ‘ज’चा व मग ‘इ’चा, पण लिहिताना वेलांटी ‘ज’च्या आधी येते. ‘पूर्णा’ घ्या. येथे ‘र’ बोलताना ‘ण’च्या आधी, पण कागदावर तो रफार होऊन ‘णा’च्या डोक्यावर जाऊन बसतो. आणि ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द तर मराठीची खास कसोटी, कारण ‘आचार्य’मधील रफार आणि ‘शेतकऱ्या’मधील चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ निराळे. तेव्हा यंत्राने साठवावे उच्चाराच्या क्रमाने आणि दाखवावे लेखनाच्या क्रमाने, हे दोन व्यवहार वेगळे ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हते. टंकलेखन यंत्राने ही फोड केली नव्हती. त्याने आकाराचे तुकडे कळांवर बसविले आणि अनेक जोडाक्षरांना पाय मोडून उभे राहावयास लावले.

ही फोड झाली ती कानपूरच्या आयआयटीत. तेथे प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या भोवतीच्या मंडळींनी देवनागरी गणकयंत्राचे काम चालविले होते व १९८३ मध्ये त्याचा नमुना दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात दाखविण्यात आला. त्या मंडळींत मोहन तांबे हे होते. १९८८ मध्ये पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे नाव परम या महासंगणकामुळे गाजले, पण आमच्या मते सामान्य माणसाच्या दृष्टीने तिचे तितकेच मोलाचे काम म्हणजे तांबे यांच्या पुढाकाराने तेथे वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र व त्याचे कार्ड. या नावातील पहिले अक्षर ‘ग्राफिक्स’चे आहे, हे लक्षात ठेवावे.

जिस्ट कार्ड साध्या गणकयंत्राच्या खाचेत बसवावयाचे. त्याची युक्ती अशी की, इंग्रजीसाठी लिहिलेले जुने कार्यक्रम, मग ते याद्या ठेवणारे डीबेस असो की पत्रे लिहिणारे वर्डस्टार, त्यांना हातही न लावता देवनागरीत चालत. कार्यक्रम पडद्याकडे पूर्वीप्रमाणेच क्रमांक पाठवी. ते जोडून वेलांटी पुढे आणणे, रफार वर चढविणे, जोडाक्षर घडविणे हे कार्ड पाही. क्रमांकांची यादीही ठरलेली होती. तिला इस्की म्हणतात. एका बाइटच्या २५६ स्थानांपैकी पहिली १२८ इंग्रजी लिपीस व उरलेली भारतीय लिपींस, अशी ती वाटणी. १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने ती राष्ट्रीय मानक झाली. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींचा ‘क’ एकाच क्रमांकावर असल्याने देवनागरीत लिहिलेले नाव तेलुगू वा कन्नड लिपीत एका आज्ञेने पाहता येई. मराठी, तेलुगू व कन्नड भाषकांनी ज्या संस्थानात एकत्र दिवस काढले, त्या संस्थानच्या वारसांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

याच ठिकाणी एक उणीवही सांगितली पाहिजे. उजवीकडून डावीकडे जाणारी व शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलणारी उर्दूची लिपी या यादीत बसत नव्हती. तिच्यासाठी वेगळे मानक करावे लागले. ज्या परभणीत एके काळी उर्दूने मराठीला कचेरीबाहेर ठेवले, तेथे आता यंत्रापुढे उर्दू भाषक शेजारी थांबून राहिला. लिपीची गैरसोय ही कोणा एका समाजाची मक्तेदारी नाही, एवढे त्यावरून शिकावे.

येथे कोणी विचारील, रोमन लिपीत नावे लिहून भागत नव्हते काय? भागत होते, पण कोणाचे? रोमन यादीतील एकच आडनाव काळे, काले किंवा कळे असे तीन प्रकारे वाचता येते. ‘परभणी’च रोमनमध्ये लिहून परत देवनागरीत आणा, ‘ण’चा ‘न’ व्हावयास वेळ लागत नाही. पीककर्जाच्या यादीत एक नाव, जमिनीच्या उताऱ्यावर दुसरे, असे झाले की हेलपाटे यंत्राला पडत नाहीत, ते शेतकऱ्याला पडतात.

जिस्ट कार्डाचे आयुष्य मोठे ठरले नाही. १९८७ मध्ये आलेल्या व्हीजीए कार्डाने २५६ किलोबाइट मेमरी व ६४० बाय ४८० ठिपके दिले. पुढे विंडोज आले व अक्षर घडविण्याचे काम कार्डाकडून कार्यक्रमाकडे गेले. पण घाईत एक जुनी चूक पुन्हा झाली. निरनिराळ्या फाँटांनी टंकलेखन यंत्राप्रमाणे आकाराच्या तुकड्यांनाच आपापले क्रमांक दिले. परिणाम असा की, एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. त्यातून सुटका युनिकोडने केली. १९९१ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली आहे. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेल्या ‘मंगल’ या फाँटातून. आज आपल्या हातातील फोनवर ‘जिंतूर’ आणि ‘पूर्णा’ बिनचूक उमटतात, ते कानपूर व पुण्यात केलेल्या त्या फोडीच्या आधारावर.

तात्पर्य, जुन्या कार्डाचा तपशील हा केवळ आकड्यांचा ढीग नव्हे. ४ किलोबाइट, २५६ आकृत्या, ९ बाय १४ ठिपके या आकड्यांत यंत्र कोणासाठी बनले व कोणाला गृहीत धरले नाही, याचा पुरावा आहे. शिलालेखावरून आपण राजाचे राज्य कोठवर होते ते ठरवितो. या आकड्यांवरून लिपीचे राज्य कोठे अडले ते ठरविता येते. कायद्याने राजभाषा ठरते. परंतु तिला कचेरीच्या मेजावर बसावयास जागा कोणी तरी ठिपका ठिपका मोजून करून द्यावी लागते. अनेक जुनी यंत्रे भंगारात गेली आहेत, उरलेलीही जातील. आपल्या गावातील एखाद्या शाळेच्या वा कचेरीच्या अडगळीत असे एखादे कार्ड सापडले, तर ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यावरील अक्षरे वाचून घ्यावीत आणि जपून ठेवावे. मोडीचे दफ्तर जपणाऱ्या गावाला हे अवघड नाही.