डिस्कसचे शेजारी: एका यादीचा इतिहास

डिस्कस पाळणाऱ्या कुणालाही विचारा, "याच्या टाकीत दुसरे कोणते मासे चालतील?" लगेच यादी मिळेल. कार्डिनल टेट्रा चालतो, निऑन टेट्रा नको. स्टर्बाय कोरीडोरास चालतो, रॅमिरेझी चालतो. एंजल शक्यतो नको. प्लेको जरा जपून. यादी बऱ्यापैकी बरोबर असते. पण ती बरोबर का आहे असं विचारलं, की बहुधा दोनच उत्तरं येतात: "ते एकाच नदीतले आहेत" किंवा "ते एकाच जातकुळीतले आहेत". यादीचा इतिहास बघितला तर ही दोन्ही उत्तरं टिकत नाहीत.

पेट किंवा नेट झाल्यावर आपण प्रपोजल लिहायला बसतो, तेव्हा आपल्या हातातही अशाच याद्या असतात. निष्कर्ष माहीत असतो, पण तो कुठून आला हे माहीत नसतं. म्हणून हे उदाहरण जरा तपशिलात बघू.

1840: एकाच पेपरातले दोन मासे

योहान नॅटरर हा ऑस्ट्रियाचा निसर्गअभ्यासक 1817 मध्ये ब्राझीलला गेला आणि तब्बल 18 वर्षं तिथे राहिला. त्याने पाठवलेल्या माशांचा अभ्यास व्हिएन्नात योहान याकोब हेकेल यांनी केला आणि 1840 मध्ये प्रसिद्ध केला. रिओ निग्रोच्या मुखाजवळ, म्हणजे आजच्या मानाउसपाशी मिळालेल्या चपट्या, थाळीसारख्या गोल माशाला त्यांनी सिम्फायसोडॉन डिस्कस असं नाव दिलं. त्याच पेपरात त्यांनी टेरोफिलम ही प्रजातीही (इंग्रजीत ज्याला जीनस म्हणतात ती) मांडली. आपला एंजल मासा तो हाच.

म्हणजे दोघं एकाच कुळातले, अ‍ॅमेझॉनच्याच पाण्यातले, आणि विज्ञानात एकाच पेपरातून शेजारी म्हणून आलेले. वरच्या दोन्ही कसोट्यांवर एंजल पहिल्या नंबराने पास व्हायला हवा. प्रत्यक्षात तो अन्नावर झडप घालतो आणि डिस्कस संथपणे एकेक घास टिपत असतो. दुसरा मुद्दा रोगाचा. स्पायरोन्यूक्लियस व्हॉर्टेन्स या परजीवीचं वर्णन 1995 मध्ये एंजलमधून झालं. 2001 च्या एका पेपरात तोच परजीवी डोक्याला भोकं पडण्याचा आजार झालेल्या डिस्कसमध्येही नोंदवला गेला. त्या पेपराच्या शीर्षकात लेखकांनी "संभाव्य कारण" असं लिहिलंय. पुढे लोकांच्या तोंडी त्यातला "संभाव्य" गळून पडतो. लिटरेचर रिव्ह्यू करताना तुमच्याकडून तो गळू देऊ नका.

1956: एका दिवसाचा फरक

निऑन टेट्राला 1936 मध्ये जॉर्ज मायर्स यांनी नाव दिलं. वीस वर्षांनी त्याच्यासारखाच, पण पोटाची पूर्ण लांबी लाल असलेला मासा बाजारात आला. तो कार्डिनल. लेनर्ड शुल्ट्झ यांनी केलेलं त्याचं वर्णन एका हौशी मासिकात 20 फेब्रुवारी 1956 या तारखेने छापलं गेलं. मायर्स आणि वाइट्झमन यांचं वर्णन स्टॅनफर्डच्या नियतकालिकात 21 फेब्रुवारीला आलं. फरक फक्त एका दिवसाचा! प्रकरण प्राणीनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे गेलं आणि 1957 मध्ये शुल्ट्झ यांच्या बाजूने निर्णय झाला. म्हणून आज त्या माशाच्या नावात त्या मासिकाचे प्रकाशक हर्बर्ट अ‍ॅक्सेलरॉड आहेत. पुढे 1983 मध्ये वाइट्झमन आणि फिंक यांनी निऑन आणि कार्डिनल दोघांनाही पॅराकिरोडॉन या एकाच प्रजातीत आणलं.

म्हणजे आता ते सख्खे भाऊच. तरीही डिस्कसच्या टाकीत एक चालतो, दुसरा नाही.

कारण तापमान. डिस्कसला साधारण 28 ते 30 अंश सेल्सियस पाणी लागतं. कार्डिनल त्याला पेलतो. निऑन 22 ते 25 च्या आसपास बरा राहतो. पाणी तापलं की माशाची चयापचय क्रिया वाढते, ऑक्सिजनची गरज वाढते, आणि नेमका तेव्हाच पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. गोड्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना सुमारे 7.6. निऑन अशा पाण्यात पहिल्याच दिवशी मरत नाही. तो हळूहळू खंगतो. त्यामुळे दोष अन्नाला जातो, दुकानदाराला जातो, थर्मामीटरकडे कुणी बघत नाही. कारण आणि परिणाम यांच्यात महिन्यांचं अंतर असलं, की नुसत्या अनुभवावर विसंबून चालत नाही. प्रयोग आखावा लागतो.

1959: अंगावरचं अन्न

एंजलची अंडी पालकांपासून वेगळी काढून पिल्लं वाढवता येतात. डिस्कसच्या बाबतीत ही युक्ती सहज जमत नाही. याचा खुलासा विल्यम हिल्डेमन यांच्या 1959 च्या पेपरात सापडतो: डिस्कसची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा श्लेष्मा, म्हणजे तो बुळबुळीत थर, खाऊन वाढतात. 2010 मध्ये बकली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पिल्लांच्या काळात या थरातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पालक पिल्लांना टाळायला लागतात. दूध तोडण्यासारखंच की हे!

आता प्लेकोकडे या. तोही दक्षिण अमेरिकेचाच, आणि शेवाळ खाणारा म्हणून "निरुपद्रवी". पण काही प्लेको रात्री डिस्कसच्या कुशीला चिकटून तोच थर ओरबाडतात. शेवाळखाऊ हे लेबल खोटं नाही, पण आपला प्रश्न वेगळा होता. त्याचं तोंड कशावर चालतं, हे आपण विचारलंच नव्हतं.

दूरचे चांगले शेजारी

उलट बाजू बघा. रॅमिरेझीचं वर्णन 1948 चं. तो व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्याचा, डिस्कसची मूळ नदीच वेगळी. स्टर्बाय कोरीडोरासचं वर्णन 1962 चं. तो ग्वापोरे नदीचा, म्हणजे हेकेल डिस्कसच्या रिओ निग्रोपासून फार लांबचा. दोघंही गरम पाणी सहन करतात, दोघंही डिस्कसला त्रास देत नाहीत. शेजारधर्माला एकच गाव लागत नाही.

तर प्रपोजलमध्ये काय लिहायचं?

"सुसंगत" हा शब्द मोजता येत नाही. तो फोडा:

1. दोघांच्या तापमानाच्या मर्यादा किती अंशांत जुळतात?
2. एकाच्या तोंडात दुसरा मावतो का?
3. दिलेल्या अन्नातलं किती डिस्कसला मिळतं?
4. दुसरा मासा श्लेष्म्याला तोंड लावतो का?
5. कोणते परजीवी एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात?

यातला प्रत्येक प्रश्न टाकी, घड्याळ, तराजू आणि सूक्ष्मदर्शक घेऊन तपासता येतो. "एकाच नदीतले" आणि "एकाच जातकुळीतले" ही या पाच प्रश्नांची बदली उत्तरं आहेत. कधी बरोबर येतात, कधी दगा देतात. एंजल आणि निऑन हे दगा दिलेले नमुने.

आणखी दोन सूचना. जुने पेपर वाचताना नावं तपासा. डिस्कसच्या जातींची फेरमांडणी 1960 मध्ये शुल्ट्झ यांनी केली, आणि 2006-07 मध्ये टारझू की हराल्डी हा वाद पुन्हा रंगला. त्यामुळे जुन्या लेखातला "डिस्कस" आजचा कोणता, हे ठरवूनच आकडे उचला. दुसरं, मासा रानातला की पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेला, हे पद्धतीच्या प्रकरणात नोंदवा. रानातल्या डिस्कसला मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं. टाकीत पैदास झालेला बऱ्याचदा नळाच्या पाण्यालाही सरावतो. म्हणजे यादीवरही तारीख आणि वंशावळ हवी.

तुमच्या विषयात अशी कोणती यादी सगळे पाठ म्हणतात? तिच्यातली एक ओळ निवडा आणि ती पहिल्यांदा कुणी, कधी, कशाच्या आधारावर लिहिली ते शोधा. गाईडकडे पहिल्या भेटीला जाताना एवढं हातात असलं, तरी बोलणं तिथून पुढे सरकतं.