नगरनिधीच्या वाटपात वस्तीचा अधिकार

शहरातील जुन्या वस्त्यांच्या सुधारणेवर होणाऱ्या खर्चात रहिवाशांचा सहभाग किती, हे बैठकीला आलेली डोकी मोजून कळत नाही. काम सुचवणे, त्याच्या खर्चाचा अंदाज काढणे, मंजुरी देणे आणि झालेले काम तपासणे यांपैकी कोणत्या टप्प्यावर रहिवाशांचे मत प्रशासनाला बंधनकारक असते, हे पाहावे लागते. याच्याही आधीचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: कोणत्या वस्तीला किती रक्कम द्यायची, हे कोणत्या नियमाने ठरले? माझ्या मते व्यवस्थेचा न्याय-अन्याय मुख्यतः इथेच ठरतो.

पुणे महापालिकेने 2006 मध्ये अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून कामे मागवायला सुरुवात केली. आपल्याकडे असे उपक्रम फार टिकत नाहीत. हा वर्षानुवर्षे चालू राहिला, याचे मोल आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे बऱ्याचदा ऐन गणेशोत्सवाच्या धामधुमीत, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा. अभियंते खर्चाचे पूर्वगणनपत्रक तयार करतात आणि निवड नगरसेवकांच्या प्रभाग समितीच्या हाती असते. म्हणजे चार टप्प्यांपैकी नागरिकाच्या वाट्याला पहिलाच येतो. त्यात एका कामाला 5 लाख रुपयांची मर्यादा. एवढ्यात बाकडी बसतात, पदपथाची डागडुजी होते, दिवे लागतात. पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहतीसारख्या दाट वस्तीत मैलापाण्याची वाहिनी नव्याने टाकायची, तर ते काम या चौकटीत मावत नाही. ज्या वस्तीत पायाभूत सोयी आधीच आहेत तिच्या उरलेल्या गरजा लहान असतात, त्यामुळे ही मर्यादा तिलाच सोयीची पडते. नियमात कोणाचेही नाव नाही, तरीही कल एका बाजूला आहे.

मग रक्कम आणि अधिकार दोन्ही वाढवले तर? अमेरिकेतील मिनिआपोलिस शहराने 1990 च्या सुमारास ते करून पाहिले. पुनर्विकसित भागांतून मिळणाऱ्या वाढीव मालमत्ता करातून वर्षाला सुमारे 2 कोटी डॉलर, तेही 20 वर्षे, परिसर संघटनांनी स्वतः आखलेल्या आराखड्यांसाठी द्यायचे ठरले. किमान 52.5 टक्के निधी घरबांधणी आणि घरदुरुस्तीकडे जावा, असे बंधनही होते. अधिकार खरा होता. पण बैठकांना नेटाने येत राहिले ते प्रामुख्याने घरमालक. भाडेकरू आणि अल्पसंख्य समाज मागे पडले. साहजिकच बऱ्याच आराखड्यांत घरमालकांच्या दुरुस्ती-कर्जांना मोठे स्थान मिळाले. दोन पाळ्यांत काम करणाऱ्याला संध्याकाळच्या सभेचे दार उघडे असून काय उपयोग?

सभेला कोण येते यावरच वाटप अवलंबून राहू नये, हा धागा ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने 1989 पासून पकडला होता. सुरुवातीला महापालिकेचे उत्पन्न बहुतांशी पगारातच संपत होते, म्हणून आधी करव्यवस्था सुधारावी लागली. वाटायला काही नसताना भरवलेल्या सभा लोकांचा विश्वास घालवतात. शहराचे 16 विभाग केले. विभागसभा प्राधान्य ठरवत आणि प्रतिनिधी निवडत. रक्कम वाटताना लोकसंख्या, सोयींची उणीव आणि विभागाने दिलेला प्राधान्यक्रम यांना गुण असत. उणीव जितकी मोठी तितके गुण जास्त. त्यामुळे सभेतल्या वक्तृत्वाला मर्यादा पडली आणि गरिबांच्या वस्त्यांत पाणी, मलनिस्सारण, रस्ते पोहोचले. या पद्धतीला कायद्याचे पक्के कवच मात्र नव्हते. सत्तेतली इच्छा ओसरत गेली आणि 2017 मध्ये ती स्थगित झाली.

कायद्याचा हा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. गावातला मतदार ग्रामसभेचा सदस्य असतोच. शहरासाठी 74 व्या घटनादुरुस्तीने 3 लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येला प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, पण एकेका समितीखाली लाखो लोक येतात. महाराष्ट्रात 2009 मध्ये ग्रामसभेसारख्या, मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद झाली, तरी शहरांत त्या प्रत्यक्ष उभ्या राहिल्या नाहीत. मार्च 2022 मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हा नागरिकांनी सुचवलेल्या कामांची निवड निर्वाचित सदस्यांविना, अधिकाऱ्यांच्या पातळीवर होऊ लागली. क्षेत्रसभा भरत असत्या, तर नगरसेवक नसतानाही वस्तीला उत्तर मागण्याची जागा उरली असती.

पुण्यापुरते बोलायचे तर दोन बदल लगेच शक्य आहेत. प्रभागाची रक्कम ठरवताना नळ, शौचालय आणि मलवाहिनी नसलेल्या घरांचे प्रमाण गुणांत धरावे, आणि शेजारच्या वस्त्यांना एकत्र येऊन 5 लाखांपलीकडचे एकच काम मागता यावे. शिवाय नाकारलेल्या अर्जाचे कारण अर्जदाराला लेखी मिळायला हवे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मागणीसाठी कागदाच्या आधारे भांडता येईल.