पाळीव कॉर्न सापांमधील संकर व त्यांची ओळख

कॉर्न साप (शास्त्रीय नाव: पँथेरोफिस गटॅटस) हा अमेरिकेच्या आग्नेय भागातील बिनविषारी साप असून जगभर सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक आहे. बंदिस्त पैदाशीत त्याचा संकर जवळच्या आणि दूरच्या नात्यातील सापांशी झालेला असल्यामुळे, एखादा पाळीव कॉर्न साप शुद्ध प्रजातीचा आहे की संकरज, हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. पहिल्या पिढीतील संकरज बऱ्याचदा बाह्य लक्षणांवरून ओळखता येतो. त्याच्या पुढच्या पिढ्या पुन्हा पुन्हा कॉर्न सापाशीच जुळवल्या गेल्या, तर मात्र रंगरूपावरून निर्णय देता येत नाही.

वर्गीकरण

कार्ल लिनियसने 1766 मध्ये या सापाचे वर्णन केले. दीर्घकाळ त्याची गणना इलाफे या जातकुळीत होत असे. 2002 मध्ये अमेरिकेतील या गटाला पँथेरोफिस या वेगळ्या जातकुळीत ठेवण्यात आले. त्याच वर्षी फ्रँक बरब्रिंक यांनी पूर्वी एकच समजल्या जाणाऱ्या कॉर्न सापाचे तीन प्रजातींत विभाजन सुचवले: पूर्वेकडील पँ. गटॅटस, मध्य मैदानांतील पँ. एमोरी आणि लुइझियाना व पूर्व टेक्सास भागातील पँ. स्लोविन्स्की. तिसरे नाव 2001 मध्ये म्यानमारमध्ये मण्यारीच्या दंशाने मरण पावलेले सर्पतज्ज्ञ जोसेफ स्लोविन्स्की यांच्या स्मरणार्थ आहे. 2002 पूर्वीच्या पैदास नोंदींत ‘कॉर्न साप’ असे लिहिलेले असल्यास त्याचा अर्थ या तिन्हींपैकी कोणताही असू शकतो. अनेक जुन्या वंशावळींतील गोंधळ त्यामुळे फसवणुकीचा नसून नामकरणाचा आहे.

या गटातील सापांना इंग्रजीत ‘रॅट स्नेक’ म्हणतात. महाराष्ट्रातील धामणीलाही तेच नाव लावले जाते. मात्र धामण निराळ्या जातकुळीतील असून कॉर्न सापाची जवळची नातेवाईक नाही.

पैदाशीतील संकर

कॉर्न साप व एमोरी यांच्या संकराला व्यापारात ‘रूटबिअर’ म्हणतात. याच संकरात कृष्णवर्ण नसलेल्या कॉर्न सापाचे जनुक उतरले, की फिकट नारिंगी रंगाचा ‘क्रीमसिकल’ मिळतो. कॅलिफोर्निया किंगस्नेकशी झालेला संकर ‘जंगल कॉर्न’ या नावाने, तर गोफर सापाशी झालेला संकर ‘टर्बो कॉर्न’ या नावाने विकला जातो. शेवटच्या दोन संकरांतील पालक वेगवेगळ्या जातकुळींतील आहेत, तरीही जंगल कॉर्न प्रजननक्षम असतात. खेचराप्रमाणे संकरज वांझच असेल ही समजूत येथे लागू पडत नाही. किंगस्नेक इतर सापांना खाणारा असल्याने अशी जोडी जुळवताना कॉर्न सापच भक्ष्य होण्याचा धोका असतो.

बाह्य लक्षणे

सामान्य रंगाच्या कॉर्न सापाच्या पाठीवर काळ्या किनारीचे लालसर, खोगिराच्या आकाराचे डाग असतात. डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण असते, डोळ्यामागचा पट्टा जबड्याच्या कोनाला ओलांडून मानेवर जातो आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी नक्षी असते. एमोरीची मांडणी जवळपास हीच, पण रंग राखाडी व तपकिरी असतो. त्यामुळे मंद रंगाचा कॉर्न साप आणि रूटबिअर यांत केवळ रंगावरून फरक करणे धोक्याचे आहे. कॉर्न सापाचा लाल रंग प्रदेशानुसार, वयानुसार व निवडक पैदाशीनुसार बदलतो. पिल्ले तर बहुतेक वेळा प्रौढांपेक्षा बरीच राखाडी असतात.

रंगापेक्षा खवले अधिक भरवशाचे असतात. कॉर्न सापाच्या पाठीवरील खवल्यांवर पुसट कणा असतो आणि गुदद्वारावरील खवला दुभंगलेला असतो. किंगस्नेकचे खवले गुळगुळीत आणि गुदद्वारावरील खवला अखंड असतो. कॉर्न साप म्हणून विकलेल्या प्राण्यात अखंड खवला व गुळगुळीत पाठ आढळली, तर किंगस्नेकच्या रक्ताचा संशय घेण्यास जागा आहे. उलट, ही लक्षणे न आढळणे हा शुद्धतेचा पुरावा नव्हे. एमोरीच्या बाबतीत ही कसोटी निरुपयोगी ठरते, कारण त्याचाही तो खवला दुभंगलेलाच असतो.

रंगभेदांमुळे होणारा संभ्रम

कॉर्न सापाचे असंख्य रंगभेद पैदाशीतून निर्माण झाले आहेत. त्यांतील सर्वांत परिचित भेदात काळे रंगद्रव्य नसते. 2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी त्याचे कारण ओसीए2 या जनुकात शिरलेल्या डीएनएच्या तुकड्यात असल्याचे दाखवले. हे लक्षण अप्रभावी आहे. असा कॉर्न साप सामान्य एमोरीशी जुळवला, तर पहिल्या पिढीतील सर्व पिल्ले सामान्य रंगाची होतात. त्यांपैकी दोघे आपसांत जुळवल्यास सरासरी चौथा हिस्सा, तर पिल्लू पुन्हा तशाच कॉर्न सापाशी जुळवल्यास निम्मी पिल्ले कृष्णवर्णहीन निघतात. अशा पिल्लांत काळ्या किनारी दिसतच नसल्यामुळे ओळखीचा एक महत्त्वाचा आधारही नाहीसा होतो.

‘अल्ट्रा’ हा रंगभेद याहून वादग्रस्त आहे. त्याचे जनुक कृष्णवर्णहीन भेदाच्याच स्थानावरील दुसरा पर्याय असून, ते राखाडी रॅट स्नेकशी झालेल्या जुन्या संकरातून आले, असे पैदासकारांमध्ये व्यापकपणे मानले जाते. हे मान्य केल्यास अल्ट्रा भेदाचा प्रत्येक साप, दिसायला कितीही निर्दोष कॉर्न साप असला, तरी दूरच्या अर्थाने संकरज ठरतो.

पिढ्यांचे गणित

पहिल्या पिढीच्या संकरजात दुसऱ्या प्रजातीचा वाटा 50 टक्के असतो. तो शुद्ध कॉर्न सापाशी जुळवल्यास पुढील पिढीत हा वाटा सरासरी 25 टक्के, मग 12.5 टक्के आणि तिसऱ्या उलट संकरानंतर 6.25 टक्के होतो. हे आकडे सरासरीचे आहेत. जनुकांची वाटणी प्रत्येक पिल्लात निराळी होत असल्याने एकाच वेळच्या अंड्यांतून निघालेल्या भावंडांतही हा वाटा कमीजास्त असतो. म्हणून विक्रीच्या वेळी सांगितले जाणारे नेमके टक्के वंशावळीवरून काढलेला अंदाज असतात, मोजमाप नव्हे.

जनुकीय तपासणी

सापाने टाकलेल्या कातीतून डीएनए मिळत असल्याने तपासणीसाठी रक्त काढावेच लागत नाही. कातीवरून रंगभेदाची जनुके ओळखणाऱ्या व्यावसायिक चाचण्या उपलब्ध आहेत. मात्र त्या विशिष्ट जनुक आहे की नाही एवढेच सांगतात, पूर्वज कोण हे नव्हे.

तंतुकणिकेतील डीएनए फक्त आईकडून येतो. नर किंगस्नेक आणि मादी कॉर्न साप यांचे पिल्लू या चाचणीत निखळ कॉर्न सापच दिसेल. दोन्ही बाजू समजण्यासाठी पेशीकेंद्रातील अनेक स्थाने तपासावी लागतात, तसेच ज्यांचे मूळ स्थान ठाऊक आहे अशा जंगली सापांचे नमुने तुलनेसाठी लागतात. कॉर्न साप व एमोरी इतके जवळचे आहेत की त्यांच्यात अनेक जनुकरूपे समाईक आहेत. त्यामुळे थोड्या प्रमाणातील एमोरी वंश सिद्ध करणे किंगस्नेकचा वंश सिद्ध करण्यापेक्षा अवघड असते.

या दोन प्रकारच्या डीएनएंतील फरक फ्लोरिडातील अजगरांच्या अभ्यासात ठळकपणे दिसला. तेथे पाळीव व्यापारातून पसरलेल्या ब्रह्मी अजगरांपैकी सुमारे 400 सापांचा अभ्यास अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील किमान 13 सापांत भारतीय अजगराच्या वंशाच्या खुणा सापडल्या. बाहेरून मात्र ते ब्रह्मी अजगर म्हणूनच पकडले गेले होते. या दोन अजगरांतील एक नेहमीची कसोटी डोळ्याखाली असते: भारतीय अजगराच्या वरच्या ओठावरील एखादा खवला डोळ्याला भिडतो, ब्रह्मी अजगरात मधे लहान खवल्यांची ओळ येते.

कायदेशीर बाजू

प्रजातीचे नाव बदलले की लागू होणारा नियमही बदलतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात कॉर्न सापासह स्थानिक बिनविषारी साप पाळण्यास मनाई आहे. भारतीय अजगर सायटिस कराराच्या परिशिष्ट 1 मध्ये, तर ब्रह्मी अजगर परिशिष्ट 2 मध्ये आहे. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार अजगर, नाग, धामण यांसारखे देशी साप पकडणे व पाळणे गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर सायटिस परिशिष्टांतील विदेशी प्राण्यांची नोंदणीही बंधनकारक झाली असून त्यासाठीचे नियम 2024 मध्ये अधिसूचित झाले. कॉर्न साप या परिशिष्टांत समाविष्ट नाही.