लंका समसमाज पक्ष : उदय आणि अस्त

श्रीलंकेतील एक डावा पक्ष. आज तो नाममात्र उरला असला, तरी एकेकाळी संसदेत प्रमुख विरोधी पक्ष होता आणि जगातील ट्रॉट्स्कीवादी पक्षांत त्याच्याइतका जनाधार फार थोड्यांना लाभला. ‘समसमाज’ या शब्दाचा अर्थ मराठी वाचकास वेगळा सांगावयास नको.

इंग्लंड-अमेरिकेत शिकून परतलेल्या तरुणांनी १८ डिसेंबर १९३५ रोजी कोलंबोत या पक्षाची स्थापना केली. फिलिप गुणवर्धने, एन. एम. परेरा, कोल्विन आर. डिसिल्व्हा व लेस्ली गुणवर्धने हे त्यांतील प्रमुख. १९३४-३५च्या मलेरियाच्या भीषण साथीत यांपैकी अनेकांनी खेडोपाडी औषध व धान्य पोचविले होते. पक्षाचा पाया पुस्तकांपेक्षा या सेवाकार्याने घातला, असे म्हणता येईल. १९३६च्या निवडणुकीत फिलिप व परेरा विधिमंडळात गेले.

दुसऱ्या महायुद्धास विरोध केल्याबद्दल १९४० मध्ये नेत्यांची धरपकड झाली. त्याच सुमारास मॉस्कोनिष्ठ गट पक्षाबाहेर काढला गेला. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबोवर जपानी बॉम्ब पडले. त्या गोंधळात फिलिप, परेरा, कोल्विन व एडमंड समरक्कोडी हे चौघे कँडीच्या तुरुंगातून एका तुरुंगरक्षकालाच बरोबर घेऊन निसटले! पक्षाचे कित्येक कार्यकर्ते भारतात आले आणि ‘छोडो भारत’ चळवळीच्या काळात येथे भूमिगत राहून काम करू लागले. फिलिप व परेरा १९४३ मध्ये मुंबईतच पकडले गेले.

१९४७च्या निवडणुकीत पक्षाला दहा जागा मिळाल्या व परेरा पुढे विरोधी पक्षनेते झाले. मळ्यांतील भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांचे नागरिकत्व हिरावणाऱ्या १९४८च्या कायद्यास पक्षाने कडाडून विरोध केला. १९५३ मध्ये सरकारने रेशनच्या तांदळाचा दर २५ सेंटवरून ७० सेंटवर नेला, तेव्हा १२ ऑगस्टचा हरताळ पक्षाने इतर डाव्यांसह यशस्वी केला. मंत्रिमंडळाला बंदरातील ब्रिटिश युद्धनौकेवर बैठक घ्यावी लागली आणि पंतप्रधान डडली सेनानायके यांनी काही आठवड्यांत राजीनामा दिला. पक्षाच्या सामर्थ्याचा हा कळस होय.

पुढील प्रश्न भाषेचा होता. ‘केवळ सिंहली’च्या लाटेत समसमाजवादी सिंहली व तमिळ या दोन्ही भाषांना समान दर्जा मागत राहिले. दोन भाषा मानल्या तर एक राष्ट्र राहील, एकच मानली तर दोन होतील, हा कोल्विन यांचा १९५६ मधील इशारा पुढे वारंवार उद्धृत केला गेला. मात्र लाट ओसरली नाही, आणि पक्षाचा धीर सुटला. जून १९६४ मध्ये परेरा सिरिमाओ बंदरनायके यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. चौथ्या इंटरनॅशनलने पक्षाची हकालपट्टी केली. समरक्कोडी प्रभृती फुटले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सरकार एका मताने कोसळले, तेव्हा त्यांचे मत विरोधात पडले होते. जानेवारी १९६६ मध्ये तमिळ भाषेच्या मर्यादित वापरास परवानगी देणाऱ्या नियमांविरुद्ध निघालेल्या मोर्चात समसमाजवादी सामील झाले. दहा वर्षांतील हे घूमजाव थक्क करणारे होते.

१९७०च्या संयुक्त आघाडीत पक्षाने १९ जागा जिंकल्या. जमीनधारणेवर ५० एकरांची मर्यादा घातली गेली, मळ्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. ही कामे लहान नव्हेत. परंतु १९७२ची राज्यघटना घटनाविषयक मंत्री या नात्याने कोल्विन यांच्याच देखरेखीखाली झाली. तीत सिंहली एकमेव राजभाषा ठरली, बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळाले आणि अल्पसंख्याकांना जुन्या घटनेने दिलेले संरक्षक कलम गळले. इशारा देणाऱ्यानेच तो विसरावा, हे केवळ सत्तामोहाने उलगडत नाही. घटक पक्षांच्या रेट्यापुढे मान तुकवीत राहण्याची सवय जडली होती, हे कारण अधिक पटते.

सप्टेंबर १९७५ मध्ये बंदरनायके यांनी समसमाजवादी मंत्र्यांना डच्चू दिला. १९७७ मध्ये पक्षाचा एकही उमेदवार निवडून आला नाही. परेरा, कोल्विन सारेच पराभूत झाले. डावा गट बाहेर पडून त्याने ‘नव समसमाज पक्ष’ काढला. परेरा १९७९ मध्ये व कोल्विन १९८९ मध्ये निवर्तले. पुढे पक्ष मोठ्या आघाड्यांच्या आश्रयाने एखाददुसरी जागा व मंत्रिपद मिळवीत राहिला. दरम्यान, ज्या ‘जनता विमुक्ती पेरमुना’चे १९७१ मधील बंड समसमाजवादी मंत्र्यांच्या सरकारने चिरडले होते, तिचे नेते अनुरा कुमार दिसानायके सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.