शेजारी येऊन बसलेला मुलगा

संध्याकाळचे सात वाजलेत. राजीव गांधी भवनापासून तुम्ही शरणपूर रोडनं चालत निघाला आहात. कनाडा कॉर्नरकडे जाणाऱ्या गाड्यांची नेहमीची गर्दी, मधूनच श्रावणसर. हातातल्या पिशवीत स्टीलचा डबा आहे, त्यात वरण-भात आणि चार पोळ्या. मंडळीतल्या एका घरातलं माणूस गेलं, काल दफन झालं. आज तिथे सांत्वनाची प्रार्थना आहे. पाळकसाहेब येतील, चार बंधू-भगिनी येतील, एखादं गीत म्हटलं जाईल. तुम्ही मात्र घरून निघाल्यापासून एकाच गोष्टीनं बेचैन आहात: गेल्यावर त्या घरातल्या बाईशी बोलायचं काय?

‘शरणपूर’ हे नाव तुम्ही हजार वेळा घेतलं असेल. पत्त्यात लिहिलं, रिक्षावाल्याला सांगितलं. आज पाऊस वाढलाय म्हणून एका आडोशाला थांबा आणि ते नाव सावकाश, सुटं करून म्हणा. शरण. पूर. पुन्हा एकदा म्हणा.

हॉर्न ऐकू येईनासे झाले. दिवे गेले. पाऊस तोच आहे.

साल 1866. शहर मागे, गोदावरीच्या बाजूला राहिलंय, इथे मोकळं रान आहे. बारा वर्षांपूर्वी चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्यानं इथे ख्रिस्ती लोकांचं गाव वसवलं. राहायला घरं, अनाथ मुलांसाठी आश्रम, शाळा, सुतारकामाच्या आणि लोहारकामाच्या शाळा. तुमच्या नाकात ओल्या मातीबरोबर लाकडाच्या भुशाचा वास शिरतो. कुठेतरी ऐरणीवर घण पडतोय.

चिखलातून एक बैलगाडी येते. गेल्याच वर्षी थळ घाटातला लोहमार्ग सुरू झाला, त्यामुळे मुंबईची गाडी आता थेट नाशिकला पोचते. स्टेशनापासून पुढे बैलगाडी. तिच्यातून एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाला उतरवतात. काळाकुळकुळीत रंग, अंगापेक्षा मोठा सदरा. आफ्रिकेतल्या त्याच्या गावातून त्याला पळवलं, किनाऱ्यावर विकलं, गलबतात कोंबलं. अरबी समुद्रात इंग्रजांच्या युद्धनौकेनं ते गलबत अडवलं आणि मुलांना मुंबईत उतरवलं. मुंबईतून अशी मुलं शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात येतात. गलबत, युद्धनौका, आगगाडी, बैलगाडी. दर वेळी कुणीतरी अनोळखी माणसानं उचललं आणि दुसरीकडे ठेवलं. ही शेवटची खेप आहे, हे त्याला कोण सांगणार? आणि कोणत्या भाषेत?

तुम्ही पडवीच्या खांबाला टेकून पाहा. एक बाई ताटलीत भाकरी आणि कालवण आणून त्याच्यापुढे ठेवते. मराठीत काहीतरी प्रेमानं बोलते. मुलगा ताटलीकडे बघत नाही, पाठ भिंतीला लावून अंग चोरून बसतो. दलाल गुलामांना एक भीती हमखास घालत असत: गोऱ्यांच्या हाती लागलात तर ते तुम्हाला खातील. त्या मुलाच्या मनात ती असेल, तर समोरची भाकरी त्याला कशी दिसत असेल, याचा विचार करा.

मग सुतारशाळेतून एक मोठा मुलगा येतो. केसांत भुसा, कानामागे पेन्सिल. तोही समुद्रातूनच आलाय, काही वर्षांपूर्वी. या मुलाचं नाव मला माहीत नाही आणि मी त्याला उसनं नाव देणार नाही. इथल्या बहुतेक आफ्रिकन मुलांना इंग्रजी नावं मिळाली, आईनं ठेवलेली नावं मागे पडली. शरणपूरनं खूप दिलं, हे मी मनापासून मानतो. पण एवढी एक गोष्ट त्या मुलांकडून गेली, तीही मला इथे नोंदवून ठेवायची आहे.

तो मोठा मुलगा काही बोलत नाही. नव्या मुलाच्या शेजारी, तसाच भिंतीला पाठ लावून, जमिनीवर बसतो. बराच वेळ. पागोळ्या गळत राहतात. मग तो ताटलीतली भाकरी मोडतो, एक तुकडा कालवणात बुडवतो आणि आधी स्वतःच्या तोंडात घालतो. सावकाश चावतो, गिळतो. दुसरा तुकडा मोडून हात पुढे करतो. आणि हळू आवाजात, तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत, दोनच शब्द बोलतो. यांच्यात कुणी याओ, कुणी माकुआ, कुणी गाला. प्रत्येकाची भाषा निराळी. याची आणि त्याची भाषा एक निघाली, हे नशीब.

मुलगा मान वर करतो.

वळून जरा गावाकडेही बघा. इथली नाशिककर माणसंसुद्धा काहीतरी तोडूनच आलेली आहेत. बाप्तिस्मा घेतला आणि घरच्यांनी मेल्यात जमा केलं, विहिरीवर पाणी बंद झालं, बायकोला माहेरच्यांनी नेऊन ठेवलं, असं त्या काळातल्या किती घरांत घडलं! 1850 च्या कायद्यानं धर्म बदलला तरी वारसाहक्क जात नाही असं ठरवलं खरं, पण आईनं ताट वाढायचं थांबवलं तर त्यावर कुठला कायदा? म्हणून अशा गावात रोजच्या उपासनेइतकंच ‘सलाम’ म्हणून एकमेकांच्या दारात डोकावणं महत्त्वाचं होतं. ज्याला चुलते-मामे उरले नाहीत, त्याला मंडळीनं चुलते-मामे व्हायचं.

सात वर्षं पुढे चला, समुद्र ओलांडून. मे 1873, मध्य आफ्रिकेतलं चितांबोचं गाव. आज हा भाग झांबियात येतो. मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मरून पडलेला सापडलाय. 1865 मध्ये तो नाशिकला येऊन गेला होता, आणि तिथली नऊ मुलं त्याच्याबरोबर मोहिमेवर गेली होती. पुढे 1872 मध्ये त्याच्या मदतीला आलेल्या तुकडीत शरणपूरची आणखी मुलं आली. त्यांच्यातला एक जेकब वेनराइट.

तुम्ही त्या गावातल्या एका झाडाखाली उभे आहात. सुसी आणि चुमा हे लिव्हिंग्स्टनचे जुने सोबती, बाकीचे हमाल, सगळे पांगायच्या बेतात असतील असं तुम्हाला वाटेल. मालक गेला, देश परका, वाटेत रोगराई आणि वैरी. पण ते ठरवतात की देह किनाऱ्यापर्यंत न्यायचा. काळीज तिथेच झाडाखाली पुरतात. आणि तेव्हा जेकब प्रार्थनेचं पुस्तक उघडून दफनाची उपासना वाचतो. मग झाडाच्या सालीवर नाव आणि तारीख कोरतो. लिहाय-वाचायला आणि उपासनेची रीत पाळायला तो इथे, गोदावरीकाठी शिकला. स्वतःच्या आईबापांच्या मातीला त्याला कुणी उभं राहू दिलं असेल असं मला वाटत नाही. तरी रानात, घाबरलेल्या माणसांच्या मधोमध उभं राहून तो मोठ्यानं वाचतो, आणि त्या माणसांना पाऊल उचलायचं बळ येतं. हजार मैलांहून जास्त वाट, नऊ महिने, खांद्यावर देह. फेब्रुवारी 1874 मध्ये ते किनाऱ्यावर बागामोयोला पोचले. 18 एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब होता.

इतिहासात हे साहस म्हणून सांगतात. मला त्यात शरणपूरची पडवी दिसते. आपल्याला कुणी धीर दिला म्हणून आपण दुसऱ्याला देऊ शकतो, असं पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच सांगतो. ते वाचताना मला कायम वाटायचं, हा उपदेश आहे. जेकबची हकिकत कळल्यावर वाटलं, हा तर हिशोब आहे. घेतलेलं पुढे द्यायचं.

परत या, 1874 च्या अखेरीस, त्याच पडवीत. सामान बांधणं चाललंय. प्राइस मोंबासाला गेलाय, आणि इथे वाढलेले अनेक आफ्रिकन तरुण तिकडे जाणार आहेत. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावानं तिथे ‘फ्रिअरटाउन’ वसणार, सुटका झालेल्या गुलामांसाठी. त्यांना उतरवून घ्यायला आता शरणपूरचे लोक किनाऱ्यावर उभे असतील, सुतारकाम शिकवतील, शाळा चालवतील. त्या भाकरी मोडणाऱ्या मुलानंही गाठोडं बांधलंय. निरोपाच्या वेळी नाशिककर बायका रडतात, कारण ही मुलं त्यांच्या अंगणात वाढली होती. मोंबासात त्या वसाहतीची घंटा अजून उभी आहे. गुलाम पकडणारे येताना दिसले की ती वाजवायची. त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात, घंटेजवळची जागा.

पाऊस थांबलाय. रिक्षाचा हॉर्न. तुम्ही पुन्हा त्याच आडोशाला आहात, डबा अजून कोमट आहे.

गल्लीत वळता. त्या घराच्या दारात चपलांची रास. आत सतरंजीवर माणसं दाटीनं बसलीत. कुणीतरी म्हणतंय, “देवाची इच्छा, ताई.” दुसरं कुणी सांगतंय की ते आता चांगल्या ठिकाणी आहेत. दोन्ही गोष्टींवर तुमचा विश्वास आहे, पण बाईच्या चेहऱ्यावरून कळतं की या घटकेला त्या तिच्यापर्यंत पोचत नाहीयेत. ईयोबाचे मित्र आठवतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता, आणि तोवर त्यांचं अगदी बरोबर चाललं होतं. बोलायला लागले आणि बिघडलं.

तुम्ही “सलाम” म्हणता. ती मान हलवते. तिची जाऊ सांगते, “सकाळपासून पोटात काही नाही हिच्या.”

प्रार्थना होते, गीत होतं, चहा होतो, माणसं एकेक करून उठतात. तुम्ही उठत नाही. तिच्या शेजारी, भिंतीला पाठ टेकून बसता. बाहेर पागोळ्या गळतात. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मग पिशवीतून डबा काढून उघडता, पोळी मोडता, वरणात बुडवता आणि पहिला घास स्वतः घेता.

दुसरा मोडून हात पुढे करता.